फाटकाबाहेरची भिंगरी

पायाला भिंगरी लागलेली मुलं पुष्कळ असतात, पण हिचं नावच भिंगरी पडलं होतं. त्यात बापाचं चष्म्याचं दुकान. घरात उठता-बसता भिंगांच्याच गोष्टी, त्यामुळे नाव दोन्ही बाजूंनी चिकटलं. आठ वर्षांची होती. जेवताना एक पाय जमिनीवर, वाचताना खोलीभर येरझारा, आणि झोपेतसुद्धा उशी एकीकडे नि डोकं भलतीकडे.

तिची आई तिच्याच शाळेत वरच्या वर्गांना भूगोल शिकवायची. एके दिवशी नकाशाची गुंडाळी काखेत मारून ती तिसरीच्या वर्गावरून चालली होती. दाराला काचेची उभी पट्टी होती. आतून वर्गबाईंचा आवाज आला.

"या वर्गात भिंगरीचा त्रास कुणाकुणाला होतो? हात वर करा बघू."

आईनं काचेतून पाहिलं. सगळ्या बाकांवरून हात वर गेले होते. भिंगरी फळ्याशेजारी कोपऱ्यात उभी होती. तिनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि आपलाही हात वर केला.

आई आत शिरली. नकाशा टेबलावर ठेवला, पोरीचं दप्तर खांद्याला लावलं आणि पोरीला उचलून कडेवर घेतलं. आठ वर्षांचं मूल काही हलकं नसतं.

"अहो बाई, गंमत होती ती," वर्गबाई गडबडून म्हणाल्या. "तिला समज यावी म्हणून."

"छान गंमत आहे. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत तुमच्या नावानं खेळू," आई म्हणाली आणि बाहेर पडली.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईला बोलावून घेतलं. त्या ओरडणाऱ्यातल्या नव्हत्या. समोरची खुर्ची दाखवत म्हणाल्या, "हात वर करायला लावणं चूक होतं. मी वर्गबाईंना तसं सांगितलंय. झालं गेलं विसरा. उद्यापासून पोरीला पाठवा."

"नाही पाठवणार. तिला मी घरी शिकवणार आहे."

"आणि तुम्ही?"

"मी रोज येणार. माझं काम आहे ते."

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. "हॉटेलवाला स्वतःच्या पोराला आपल्या हॉटेलात जेवू देत नसेल, तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

"एकदा स्वयंपाकघर बघून येऊ म्हणेल," आई म्हणाली.

"बाई, चाळीस पोरांत एक पोर सारखं उठत असेल, तर बाकीच्यांनी शिकायचं कसं? त्याचाही विचार करा कधी. आणि एवढाच भरवसा नसेल तर राजीनामा द्या."

"काढून टाका. राजीनामा देणार नाही."

काढून टाकता येत नव्हतं, कारण आई शिकवण्यात खोट काढायला जागाच ठेवत नव्हती. मग बाकीचं सगळं करून झालं. तिचा हक्काचा दहावीचा वर्ग गेला. रजेवरच्या शिक्षकांचे तास, जिन्यावर उभं राहून पोरांची रांग लावणं, असली कामं तिच्या वाट्याला आली. शिक्षकांच्या खोलीत ती शिरली की बोलणं थांबायचं. आपलेच दात, आपलेच ओठ. आई ताठ मानेनं आत जायची, चहा घ्यायची, कप विसळून ठेवायची आणि तासाला जायची.

घरी पहिला विरोध झाला तो आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. इस्पितळात जन्मभर परिचारिका होती, निवृत्त होऊन वरच्या मजल्यावर राहायची आणि दोन्ही वेळा जेवायला खाली यायची. तिला कुणाला भ्यायची सवय नव्हती.

"पोरं म्हणजे नदीतले गोटे," ती म्हणाली. "एकमेकांवर आपटल्याशिवाय गुळगुळीत होत नाहीत. तू हिला कपाटात ठेवणार का?"

"आपटून काही गोटे फुटतातही, ताई."

"फुटलेले मी पुष्कळ बांधलेत. पण एकटं वाढलेलं मूल बांधून देता येत नाही, सांगून ठेवते."

"मग तुम्ही शिकवणार नाही का तिला?"

"शिकवणार नाही असं कधी म्हटलं मी?" आत्या चिडली. "चुकतेयस, एवढंच म्हटलं."

तर असं ठरलं. सकाळी आत्याकडे वाचन आणि विज्ञान, दुपारी बाबांच्या दुकानात गणित, संध्याकाळी आईकडे बाकीचं सगळं. शिक्षण खात्याच्या नियमात ते बसत होतं. वर्षातून एकदा एक अधिकारी घरी येऊन पोरीला तपासणार होता.

पहिलं वर्ष सोन्यासारखं गेलं. भिंगरी चालता चालता शिकायची. आत्यानं तिला हाडांची नावं जिन्याच्या पायऱ्यांवर शिकवली, टाचेपासून वर कवटीपर्यंत. दुकानात बाबांनी अधिक दोनचं भिंग आणि उणे दोनचं भिंग एकमेकांवर धरून तिला त्यातून समोरचा दिवा दाखवला. दिवा जसाच्या तसा दिसला, ना मोठा ना लहान. "म्हणजे शून्य!" भिंगरी किंचाळली आणि पुढचा तासभर दुकानातली सगळी भिंगं जोडीजोडीनं रद्द करत बसली. बसली म्हणजे उभीच होती. आईनं तर टेबल-खुर्ची भिंतीला लावून मधली फरशी मोकळी केली. त्या फरशीवर खडूनं समुद्र, वारे, पर्वत काढले जायचे आणि भिंगरी वाऱ्याच्या दिशेनं धावायची. कोपऱ्यात हात वर करून उभी राहिलेली पोर हीच, हे सांगून खरं वाटलं नसतं.

अधिकारी आला तेव्हा म्हणाला, "बाळ, बस आणि सांग."

"उभ्यानं सांगितलं तर चालेल का? बसलं की अर्धं विसरायला होतं."

अधिकाऱ्यानं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "मी काही शिकवून ठेवलेलं नाही. तिला विचारा."

त्यानं उभ्यानंच विचारलं. जाताना वही मिटत म्हणाला, "अभ्यासात पोर पुढे आहे. खेळते कुणाबरोबर?"

"आमच्याबरोबर," आई म्हणाली. ते उत्तर तिला स्वतःलाच थोडं लंगडं वाटलं, पण ती मान वर करूनच उभी राहिली.

दुसऱ्या वर्षी बसलेल्या घडीला सुरकुत्या पडायला लागल्या. बाबा मुळात मऊ माणूस, पण गिऱ्हाईक आणि गणित एकदम समोर आलं की त्यांचा पारा चढायचा. भागाकार चुकला की ओरडायचे, मग दिवसभर स्वतःवरच रागावून असायचे. आई शाळेतून दमून यायची. एकदा खडूचा समुद्र अर्धा काढून तिथंच फरशीवर तिचा डोळा लागला. आणि एकदा तर पोरीच्या येरझाऱ्यांनी डोकं उठलं तेव्हा ती ओरडली, "एका जागी बस ना गं जरा!" भिंगरी मुकाट्यानं खुर्चीत जाऊन बसली. ते बसणं आईच्याच्यानं बघवेना.

दुकानात निराळी तऱ्हा. भिंगरी मोठ्या माणसांत वाढत होती, त्यामुळे मोठ्यांशी बरोबरीनं बोलायची. एक जाडजूड गृहस्थ आरशात नवी चौकट लावून बघत होते. त्यांनी हौसेनं विचारलं, "काय गं, कसा दिसतो?"

"घुबडासारखे," भिंगरी म्हणाली. "पण घुबडाला ते शोभतं. तुम्ही गोल चौकट घेऊच नका."

गृहस्थ चौकट ठेवून गेले ते आलेच नाहीत. बाबा डोक्याला हात लावून बसले. आत्या मात्र खूश झाली. "बघ, मी म्हटलं नव्हतं? वर्गात असती तर तिलाही कुणी घुबड म्हटलं असतं आणि काय वाटतं ते कळलं असतं."

आईनं तेव्हाही माघार घेतली नाही. "खोटं बोलायला शिकण्यापेक्षा एक गिऱ्हाईक गेलेलं परवडलं," ती म्हणाली. बाबा हळूच पुटपुटले, "तुला परवडलं."

भिंगरी अकराची झाली. घरामागच्या मोकळ्या जागेत गल्लीतली मुलं चेंडू खेळायची. एके संध्याकाळी ती आपणहून खाली गेली. आई खिडकीतून बघत होती. मुलांनी तिला घेतलंही. पण खेळ सुरू होऊन जरा वेळ होतो न होतो तोच भिंगरीनं चेंडू हातात धरून ठेवला आणि नियम कसा चुकतोय ते समजावून सांगायला लागली. सांगत राहिली. मुलं एकेक करून पांगली आणि पलीकडे दुसऱ्या चेंडूनं खेळायला लागली. मग तिला पुन्हा बोलावलं, तर ती बाद झाली आणि रडत घरी आली.

रात्री सगळ्यांच्या आधी तिचं जेवण झालं. ताट उचलता उचलता म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."

आईच्या हातातला डाव तसाच राहिला. "बरं. चांगली शाळा बघू. नदीपलीकडे एक आहे म्हणतात."

"नाही. तुझ्याच शाळेत. गल्लीतली सगळी तिथंच आहेत."

"त्या शाळेत? काय झालं होतं तिथं, विसरलीस?"

"नाही विसरले."

"मग? जगातल्या कुठल्याही शाळेत जा. त्या शाळेत माझी पोर जाणार नाही!"

"तू तर रोज जातेस," भिंगरी म्हणाली.

बाबांनी ताटात डोकं घातलं. आत्या पाणी पिता पिता थांबली. आई भांडी घासायला गेली आणि एरवीपेक्षा जास्त आवाज करत घासत राहिली. तीन वर्षं सगळ्या जगाशी झुंजली होती. आता समोर जी उभी होती ती तिचीच पोर, आणि तिच्याच हट्टाची. शेरास सव्वाशेर.

चार दिवस घरात धुसफूस चालली. पाचव्या दिवशी आई म्हणाली, "चल." आत्याही निघाली. "मला बघायचंय त्या बाईचं तोंड," एवढंच कारण तिनं दिलं.

मोठ्या बाईंनी तिघींना बसायला सांगितलं. भिंगरी उभीच राहिली. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "घेते मी तिला. पण तीन वर्षं पालक मला फाटकाशी गाठून विचारत होते की तुमच्या बाईच पोरीला इथं का ठेवत नाहीत. त्यांना मी काय सांगत असेन, विचार करा. आता तुम्ही मला चार ओळी लिहून द्या, की घरी शिकवण्याचा निर्णय चुकीचा होता. मी त्या फलकावर लावते. मग विषय संपला."

आईचा चेहरा लाल झाला. ती आता काय बोलणार, या धास्तीनं आत्यानंही श्वास रोखून धरला. पण आईनं पोरीकडे पाहिलं, खिडकीबाहेर मैदानावर धावणाऱ्या मुलांकडे पाहिलं, आणि पर्समधून पेन काढलं.

"द्या कागद," ती म्हणाली.

"आई, काय लिहितेयस?"

"चार ओळी आहेत. लिहिल्यानं मी झिजत नाही."

"पण ते खरं नाहीये!" भिंगरीनं पेनावर हात ठेवला. मग मोठ्या बाईंकडे वळली. "ती चूक नव्हती. मला भूगोल येतो, हाडं येतात, उणे संख्या येतात. सगळं छान होतं असंही नाही. बाबा ओरडतात. आई झोपते. आणि मला हरता येत नाही, कारण घरी सगळे मला जिंकू देतात. मला आता मुलं हवीत. म्हणून यायचंय. चुकलो म्हणून नाही."

"फार बोलतेस तू," मोठ्या बाई म्हणाल्या.

"हो. तेही मुलांत कमी होईल, आत्या म्हणते."

मोठ्या बाईंच्या ओठांचा कोपरा हलला, पण त्यांनी तो आवरला. "कागद आणा, प्रवेश घ्या. यात बदल नाही."

आत्या आता उठली. "मी पहिल्या दिवसापासून या माझ्या भावजयीच्या विरोधात आहे. तिला तोंडावर सांगितलंय, तुम्हालाही सांगते. पण चुकीची माफी मागतात, बाई. लेकरासाठी उभं राहिल्याची मागत नाहीत. चला गं."

बाहेर आल्यावर आई म्हणाली, "आता?"

"आता काय," भिंगरी म्हणाली. "उद्या शाळा आहे ना? मी येणार."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दप्तर घेऊन आईबरोबर निघाली. फाटकावरच्या शिपायानं आईला आत सोडलं आणि पोरीला अडवलं. "मला हुकूम नाही," तो ओशाळून म्हणाला.

"मी बाहेरच थांबते," भिंगरी म्हणाली.

आईचा पाय निघेना. पोरीनंच तिला आत ढकललं. "तुझा तास आहे."

थोड्या वेळानं आत्या घडीची खुर्ची घेऊन आली, फाटकाशेजारी मांडली आणि विणकाम काढून बसली. शिपाई म्हणाला, "आजी, इथं बसता येत नाही." आत्या म्हणाली, "रस्ता तुझ्या शाळेचा आहे का? आणि आजी कुणाला म्हणतोस?" त्यानंतर शिपायानं दोघींच्या वाटेला जायचं सोडलं.

भिंगरी फाटकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुस्तक वाचत फेऱ्या मारायची. पोरांना सोडायला आलेले पालक थांबायचे, विचारायचे. आत्या सगळ्यांना एकच सांगायची, "पोरीला शाळेत जायचंय. शाळेला माफीपत्र हवंय. बघा बाबा तुम्हीच." काही हसून जायचे. एक बाप मात्र म्हणाला, "चांगली जिरवली शाळेनं भूगोलाच्या बाईंची. पोरीला घरी कोंडतात म्हणजे काय!" आत्यानं सुई त्याच्याकडे रोखली. "कोंडली होती का ती? विचार तिला, समुद्रावरचे वारे कसे वाहतात. तुला येतं का?"

मधल्या सुट्टीत मुलं फाटकाच्या गजांशी जमायला लागली. पहिल्या दिवशी चिडवायला. "ए, घरकोंबडे!" भिंगरी भांडली, रडली, पण जागची हलली नाही. दुसऱ्या दिवशी एक उंच, दात पुढे असलेली मुलगी गजांपाशी आली आणि म्हणाली, "तू इथं का उभी राहतेस? कंटाळा नाही येत?"

"येतो."

"मग घे," म्हणत तिनं डब्यातलं अर्धं सफरचंद गजांतून पुढे केलं. त्या दिवशी दोघींनी फुल्ली-गोळा खेळायला सुरुवात केली. पाटी भिंगरीची, खडू दात्रीचा. त्या मुलीला सगळे दात्रीच म्हणायचे, आणि तिला त्याचं काही वाटत नसे. दात्री भिंगरीला सारखी हरवायची, अजिबात दया न दाखवता. भिंगरी पाटी आपटायची, पाय आपटायची, आणि परत नवा चौकोन काढायची.

आई जिन्यावरून बघायची. शिक्षकांच्या खोलीत चित्रकलेचे सर, जे तीन वर्षं मूग गिळून होते, एकदम म्हणाले, "बाई, तुमची पोर लई भारी आहे." बाकीच्यांनी वह्यांत माना घातल्या. वर्गबाईही तिथंच होत्या. त्या कपबशीकडे बघत म्हणाल्या, "मी तेव्हा तसं करायला नको होतं." आई म्हणाली, "नव्हतंच करायला पाहिजे." चहाची किटली मात्र तिनं त्यांच्याकडे सरकवली.

पुढच्या आठवड्यापर्यंत अशी गर्दी जमायला लागली की घंटा झाली तरी फाटकापासून मुलं हलेनात. शिपाई हाकलून हाकलून दमला. अखेर मोठ्या बाई स्वतः खाली आल्या. त्यांना बघून गजांवरचे हात सुटले, फक्त दात्रीनं खेळ अर्धा आहे म्हणून पाटी सोडली नाही.

मोठ्या बाई आत्याकडे बघत राहिल्या, आत्या विणत राहिली. मग त्या भिंगरीला म्हणाल्या, "वर्गात होतीस तेव्हा एका वर्गाला त्रास होता. बाहेर राहून अख्ख्या शाळेला दिलास. आत ये."

"कागद?"

"कागद मागितलाय का मी आता?" त्या वळल्या. दोन पावलं गेल्यावर थांबून म्हणाल्या, "सहावी ब. मागच्या बाकावर बस. उठावंसं वाटलं तर मागे उभी राहा, मधे फिरू नकोस. सगळ्यांचं बघावं लागतं मला."

त्यांनी तेवढं दिलं, आणि ते काही थोडं नव्हतं.

शाळेत गेल्यावर सगळं सरळ झालं असं मुळीच नाही. शुद्धलेखनात भिंगरी साफ आपटली. एकाच्या बोलण्यात दुसऱ्यानं तोंड घालू नये हे तिला पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. धावण्यात शेवटून दुसरी आली आणि बाथरूममध्ये जाऊन रडली. गणिताच्या सरांना मात्र तिनं विचारून विचारून भंडावलं, आणि भूगोलात आईच्या हाताखाली ती नव्हती म्हणून आई सुटकेचा श्वास टाकत होती. शनिवारची दुपार भिंगरीनं घरच्या अभ्यासासाठी स्वतःहून मागून घेतली. त्या दुपारी फरशीवर खडूचे समुद्र अजूनही निघायचे. आईला कुणी विचारलं, "काय बाई, शेवटी शाळाच बरी ना?" तर ती म्हणायची, "तेव्हा घर बरं होतं, आता शाळा बरी आहे. उद्याचं उद्या बघू. आणि ते मी ठरवीन, तुम्ही नाही."

एक दिवस भिंगरी घरी आली ती बाही फाडून. मागोमाग दात्री, तिच्या कोपराला खरचटलेलं. दोघी कशावरून तरी इतक्या हसत होत्या की दारात अडखळल्या.

"हे काय? कुणी मारलं? काय झालं?" आई धावली.

"थांब ना आई, आत्ता नको. आम्ही बोलतोय."

आणि दोघींनी खोलीचं दार लावून घेतलं. आई दाराबाहेर उभी राहिली. आतून नाव न कळणाऱ्या कुणाच्या तरी नकला चालल्या होत्या. जगातला कुठला वारा कुठून वाहतो हे सगळं पोरीला तिनं सांगितलं होतं, आणि आता पोरीच्या जगातलं काहीएक तिला माहीत नव्हतं. तिला राग आला, आणि रागापेक्षा मोठं काहीतरी आलं. ती स्वयंपाकघरात गेली.

आत्या जिन्यावरून उतरत होती. "लागलंय का पोरींना? मलम आणू?"

"आणा," आई म्हणाली. "पण दार वाजवून जा, ताई."